झेपेल का, हे ठरवणार कोण?

"बायकांना झेपेल का?" हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा उत्तर ठरवूनच आलेला असतो. एस.टी. चालवणं झेपेल का, रात्रपाळी झेपेल का, सरपंचपद झेपेल का? डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर मूल घेऊन चढ चढणं झेपेल का, असं मात्र कुणी कधी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. ज्या कष्टाला पैसा नाही आणि टाळ्याही नाहीत, तो कष्ट बाईच्या शरीराला झेपतो असं गृहीतच धरलेलं असतं.

हाच प्रश्न युरोपातल्या डोंगरांत शंभर वर्षं कसा विचारला गेला, ते या लेखात मांडते आहे. विषय आहे बाईनं अनेक दिवसांच्या, घाटांच्या सायकल शर्यतीत उतरण्याचा. मी स्वतः शर्यतीत उतरणारी नाही. किशोरवयीन मुलींबरोबर काम करते, आणि त्या कामात सायकल सतत येते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फ्रान्समधली 'टूर द फ्रान्स' ही पुरुषांची शर्यत १९०३ साली सुरू झाली. आज ती तीन आठवडे चालते आणि तिचे २१ टप्पे असतात. रोज एक टप्पा. सगळ्या टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो जिंकतो. मधे आल्प्स आणि पिरेनीज लागतात. पिरेनीजमधली तुरमाले खिंड २११५ मीटर उंचीवर आहे, आणि एका बाजूनं सलग सतरा किलोमीटर चढ आहे. सगळ्यांच्या मागून एक गाडी येते, थकून थांबलेल्यांना उचलून घेणारी. तिचं फ्रेंच नाव आहे 'झाडूगाडी'.

झाडूवरून आठवण झाली ती अल्फोन्सिना स्त्रादाची. १९२४ साली इटलीच्या 'जिरो' शर्यतीत ही बाई पुरुषांबरोबर उतरली. मोठे संघ पैशाच्या वादावरून त्या वर्षी आले नव्हते, त्यामुळे आयोजकांना माणसं हवी होती. (गरज असली की दार उघडतं, हा आपला जुनाच अनुभव!) एका टप्प्यात तिच्या सायकलचं हँडल मोडलं. तिनं तिथं झाडूचा दांडा बसवला आणि पुढे निघाली. वेळेची मर्यादा उलटल्यामुळे अधिकृत यादीतून तिचं नाव काढलं, तरी ती शेवटपर्यंत गेली. नव्वद जणांपैकी जेमतेम तीस जणांनी ती शर्यत पुरी केली होती. पुढच्या वर्षांत तिला प्रवेश मिळाला नाही. झेपत नाही म्हणून प्रवेश नाकारला असं म्हणायला इथं जागाच नाही. झेपलं, हीच अडचण झाली असावी.

त्यानंतर साठ वर्षांनी, १९८४ साली, फ्रान्समध्ये बायकांची टूर झाली. १८ टप्पे. पुरुषांच्याच रस्त्यांवर, त्यांच्या आधी काही तास, अंतर कमी करून. अमेरिकेची मारियान मार्टिन जिंकली. तिला बक्षीस मिळालं सुमारे एक हजार डॉलर. पुरुषांत जिंकलेल्या लॉराँ फिन्योंला एक लाखाहून जास्त. पुढची दोन वर्षं इटलीची मारिया कानिन्स आणि नंतरची तीन वर्षं फ्रान्सची जानी लाँगो जिंकली. १९८९ नंतर या रूपात ती शर्यत थांबली. वेगळ्या नावांनी, वेगळ्या आयोजकांनी ती कशीबशी चालू ठेवली. १९९८ मध्ये तर नावातला 'टूर'सुद्धा व्यापारचिन्हाच्या वादात गेला. २००९ साली ती चार टप्प्यांवर आली आणि संपली.

का संपली? "प्रेक्षक नाहीत, पैसा नाही," असं सांगितलं जातं. प्रेक्षक आपोआप येत नाहीत. दूरचित्रवाणीवर दाखवलं, वर्तमानपत्रात छापलं, तर येतात. आणि त्या काळात काय दाखवलं जात होतं? १९८७ साली फ्रेंच दूरचित्रवाणीवर, जानी लाँगो समोर बसलेली असताना, मार्क मादियो या नामवंत सायकलपटूनं तिला ऐकवलं, की नाचणारी बाई सुंदर दिसते, सायकलवरची बाई कुरूप दिसते. लाँगो तेव्हा टूर जिंकणारी खेळाडू! तिच्या पायांतली ताकद त्याला मोजता येत होती, पण त्यानं मोजलं तिचं रूप. बाई टूरमध्ये दिसत होतीच, पण व्यासपीठावर, नटूनथटून विजेत्याच्या गालाचं चुंबन घेताना. ही पद्धत बदलायला २०२० साल उजाडावं लागलं, मग एका तरुणीच्या जोडीला एक तरुण उभा केला गेला.

बदल आपोआप झालेला नाही, हे आपण कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यायला हवं. २०१३ साली कॅथरिन बर्टीन, एमा पूली, मारियाने व्होस आणि क्रिसी वेलिंग्टन या चौघी खेळाडूंनी पुढाकार घेऊन सह्यांची मोहीम काढली. लाखाच्या जवळपास सह्या जमल्या. त्यानंतर २०१४ साली मिळालं काय, तर एका दिवसाची शर्यत. पूर्ण ताट मागितलं आणि वाटीभर वाढलं. २०२२ साली मात्र आठ टप्प्यांची शर्यत सुरू झाली, आणि २०२५ मध्ये टप्पे नऊ झाले. १९८४ मध्ये अठरा होते! आयोजक म्हणतात, शर्यत शंभर वर्षं टिकायची तर तिनं आपला खर्च आपण काढला पाहिजे, म्हणून सावकाश वाढवू. यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. बायकांचे संघ लहान आहेत, एवढ्यात तीन आठवड्यांची शर्यत नको असं काही खेळाडूही म्हणतात. पण हे कारण पैशाचं आणि माणसांच्या संख्येचं आहे. ते पैशाचं म्हणूनच सांगा, त्याला बाईच्या शरीराचं नाव देऊ नका.

आणि नियमांचं काय? आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमांत आजही बायकांच्या टप्प्यांची लांबी पुरुषांपेक्षा कमी ठेवलेली आहे. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली पुरुषांची रस्त्यावरची शर्यत २७३ किलोमीटर होती, बायकांची १५८. कमी अंतर म्हणजे कमी तास, म्हणजे पडद्यावर कमी वेळ, म्हणजे कमी प्रायोजक. आणि मग पुन्हा तोच निष्कर्ष, की बायकांच्या शर्यतीत पैसा नाही. हे चक्र आपल्याला शेतमजुरीच्या दरापासून ओळखीचं आहे. आधी काम 'हलकं' ठरवायचं आणि मग हलक्या कामाची मजुरी कमी लावायची.

रटाळ होते म्हणणाऱ्यांनी २०२४ ची शर्यत पाहावी. मधल्या टप्प्यात देमी व्होलेरिंग पडली आणि पिवळी जर्सी गमावून बसली. शेवटच्या दिवशी ग्लाँदोँ आणि मग आल्प द्युएझची एकवीस वळणं. तो टप्पा तिनं जिंकला, पण आठ टप्प्यांची बेरीज केल्यावर पोलंडची कासिया नेवियादोमा चार सेकंदांनी पुढे निघाली. फक्त चार सेकंद.

आता आपल्याच मैत्रिणींचा आक्षेप. एका बैठकीत मला विचारलं गेलं, "गोऱ्या, श्रीमंत देशांतल्या बायकांच्या महागड्या सायकलींशी आपल्याला काय करायचंय?" माझं उत्तर असं, की त्या बायका कामगार आहेत. २०२० पर्यंत त्यांना किमान वेतनसुद्धा ठरलेलं नव्हतं, आणि अनेकजणी दुसरी नोकरी करून सराव करत. २०२० मध्ये वरच्या श्रेणीतल्या संघांसाठी वर्षाला १५ हजार युरो ठरले आणि बाळंतपणाच्या रजेची तरतूद आली. २०१७ साली खेळाडूंनी स्वतःची संघटना उभी केली होती. २०२१ साली पॅरिस–रूबे ही दगडी रस्त्यांची शर्यत बायकांसाठी प्रथमच झाली. लिझी डाइगनन जिंकली, ती एका मुलीची आई. तिचं बक्षीस १,५३५ युरो, पुरुष विजेत्याचं ३०,०००. फरक तिच्या संघानं भरून दिला, आयोजकांनी नव्हे. किमान वेतन, प्रसूती रजा, समान मोबदला, संघटना. मैत्रिणींनो, या यादीतला कोणता शब्द आपला नाही?

एक प्रश्न मात्र मला या खेळालाच विचारायचा आहे. घाट चढताना वजन जितकं कमी तितका फायदा. २०२५ साली पोलीन फेराँ-प्रेव्हो जिंकली, तिथल्या लोकांना मोठा आनंद झाला. तिनं तयारीत चार किलो वजन कमी केल्याचं उघडपणे सांगितलं, आणि वाद सुरू झाला. तिचं शरीर, तिचा निर्णय. तिच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. पण तिला पाहून पंधरा-सोळा वर्षांची मुलगी काय करेल? पुरेसं न खाता अति सराव केला तर पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, हे वैद्यकशास्त्र सांगतं. मग प्रशिक्षकाच्या हातात वजनकाटा आहे तसा मुलीच्या हातात तक्रारीचा अधिकार आहे का? बाईच्या ताटात काय पडतं यावर आपण इतकी वर्षं बोलत आलो, तर इथंही बोलायला हवं.

माझ्या कामातलं एक सांगते. मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींना मिळालेल्या सायकली घेऊन आम्ही फेरी काढायचं ठरवलं. मुलींनी स्वतःच घाटाचा रस्ता सुचवला. बैठकीत एक पदाधिकारी म्हणाले, "ताई, मुली आहेत, सपाटीवरच ठेवा. घाट झेपायचा नाही." त्याच घाटातून त्यांच्यातल्या कितीतरी मुली रविवारी आयांबरोबर लाकडाच्या मोळ्या आणतात. हे एका मुलीनं तिथंच सांगितलं, तर म्हणाले, "ते वेगळं."

काय वेगळं? मोळी घरासाठी असते आणि सायकल तिच्या स्वतःसाठी, एवढंच ना?

जानेवारी २०२६ मध्ये आपल्या पुणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या रस्त्यांवरून अनेक दिवसांची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. रस्ते नवे केले गेले, शाळकरी मुलं-मुली कडेला उभी राहिली. शर्यत पुरुषांची होती. पुढच्या वेळी त्याच रस्त्यांवर बायकांची शर्यत केव्हा, किती टप्प्यांची, बक्षीस किती, वाटेत स्वच्छतागृहांची सोय काय, आणि संयोजन समितीत बायका किती, हे पाच प्रश्न प्रत्येक गटानं आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी विचारावेत. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.