गृहपाठ कोणाच्या घरचा?

शाळेने दिलेल्या कामाची परीक्षा घरात होऊ लागली, म्हणजे गुणपत्रिकेवर नाव मुलाचे राहते आणि गुण मात्र घराला मिळतात. सहावी ते आठवीच्या वर्गांत मराठी, इतिहास, नागरिकशास्त्र व भूगोल या विषयांत ‘उपक्रम’ आणि ‘प्रकल्प’ या नावांनी जे काम दिले जाते, त्याची आज बहुतांशी हीच अवस्था झाली आहे. शाळांचे खाजगीकरण, अनुदानाचा प्रश्न, शिक्षकांच्या रिक्त जागा यांविषयी आपण बोलतो, आणि बोललेच पाहिजे. परंतु फळ्यावरून वहीत आणि वहीतून घरात जाणाऱ्या या रोजच्या कामाकडे विषमतेचा एक प्रश्न म्हणून आपण क्वचितच पाहतो. दप्तरात दडलेली ही विषमता दिसत नाही, म्हणूनच ती अधिक टिकाऊ ठरते.

ज्या मार्गाने हे काम वर्गात आले, तो मार्ग चांगल्या हेतूंचा होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९३ साली ‘ओझ्याविना शिक्षण’ या विषयावरील आपल्या अहवालात सांगितले, की प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊच नये. मुलांनी घरच्या परिसराचे निरीक्षण केले तर तेवढे पुरे. वरच्या वर्गांना गृहपाठ द्यावाच लागला, तर तो पाठ्यपुस्तकातील प्रश्नोत्तरांचा नसावा. त्यानंतर २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची योजना सुरू झाली. निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी आकारिक मूल्यमापनाची साधने ठरली. त्या योजनेत सहावीसाठी शंभरांपैकी ५०, तर सातवी-आठवीसाठी ४० गुण या आकारिक भागाला होते. तीन तासांच्या परीक्षेची दहशत कमी व्हावी आणि मुलाचे वर्षभराचे काम मोजले जावे, हा त्यामागील विचार योग्यच होता.

प्रत्यक्षात काय घडले? पाठ्यपुस्तकाबाहेरचे काम म्हणजे बाजारातले काम, असा त्याचा अर्थ झाला. आज कोणत्याही तालुक्याच्या गावी शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात जावे. संतांची चित्रे, किल्ल्यांची चित्रे, लेखक-कवींची छायाचित्रे, त्यांखाली छापलेली चार ओळींची माहिती, हे सारे तेथे विकत मिळते. कापायचे आणि प्रकल्पवहीत चिकटवायचे, एवढेच उरते. ज्याच्या घरी शिकलेली आई आहे त्याची वही सुबक होते. ज्याच्या घरी छपाईचे यंत्र आहे त्याची रंगीत होते. ज्याच्या आईवडिलांचा दिवस दुसऱ्याच्या शेतात किंवा यंत्रमागावर जातो, त्या मुलाची वही कोरी राहते अथवा शेजाऱ्याची पाहून उतरवलेली असते. शिक्षक तिन्ही वह्यांना गुण देतात. ते गुण कशाचे, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य मात्र आपल्या व्यवस्थेत नाही.

२०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाईलवर आला. ती आपत्तीच्या काळातील तडजोड होती. शाळा उघडल्या, पण तडजोड पुष्कळ ठिकाणी प्रथा बनली. उद्याचा स्वाध्याय काय, कोणती निबंधवही आणायची, प्रकल्पाची शेवटची तारीख कोणती, हे सायंकाळी पालकांच्या गटावर कळवले जाते. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाबरोबर रात्रपाळीला गेला आहे, त्या घरातील मुलीला ही सूचना दुसऱ्या दिवशी वर्गात, शिक्षा होताना कळते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील मुलांची गोष्ट तर सूचनेच्याही पलीकडची आहे. जी सूचना सर्वांपर्यंत पोहोचत नाही, ती न पाळल्याचा दोष मुलाच्या माथी मारणे याला शिस्त म्हणता येणार नाही.

हा प्रश्न सर्वच विषयांचा आहे, तरी भाषा आणि समाजशास्त्रे यांत तो अधिक गंभीर आहे. आपले म्हणणे आपल्या शब्दांत मांडता येणे आणि आपण ज्या समाजात राहतो त्याची घडण समजणे, या दोन गोष्टींवर नागरिकत्व उभे असते. २०१६ ते २०१८ या काळात आलेल्या पाठ्यपुस्तकांत सहावीला स्थानिक शासन, सातवीला संविधानाची ओळख, आठवीला संसदीय शासनपद्धती असा क्रम आहे, आणि तो विचारपूर्वक लावलेला आहे. परंतु ज्या मुलाने ग्रामपंचायतीवरचा प्रकल्प विकतच्या चित्रांनी सजवला आणि गावच्या ग्रामपंचायतीचा उंबरठाही ओलांडला नाही, तो नागरिकशास्त्र शिकला नाही. आपल्या नावावर दुसऱ्याचे लेखन खपवायला मात्र तो वयाच्या बाराव्या वर्षी शिकला.

यावर उपाय गृहपाठाची तऱ्हा बदलण्यात आहे. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही, दृष्टी लागते. बीड जिल्ह्यातील एखाद्या सातवीच्या वर्गात शिक्षकांनी ‘उचल’ हा शब्द फळ्यावर लिहावा. शब्दकोशात त्याचा अर्थ सापडेल. पण त्या शब्दामागचे जग ऊसतोड कामगाराच्या मुलीला शिक्षकांहून अधिक ठाऊक आहे. हंगामापूर्वी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, कोयत्यामागचा हिशेब, मोळीचे वजन, टोळीतील कामाची वाटणी, हे ती सांगू शकते. तिने सांगावे, वर्गाने लिहून घ्यावे, आणि त्यातून वर्गाचा एक छोटा शब्दसंग्रह तयार व्हावा. हा मराठीचा उपक्रम झाला, अर्थशास्त्राचा झाला आणि इतिहासाचाही झाला. मालेगाव-इचलकरंजीत यंत्रमागाचे शब्द घ्यावेत, कोळीवाड्यात जाळ्यांचे व मासळीचे. खानदेशात अहिराणी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी यांतील शब्द प्रमाण मराठीच्या शेजारी सन्मानाने मांडावेत. अशा कामात ज्याच्या घरी पुस्तके नाहीत तो मागे पडत नाही, उलट काही वेळा तोच पुढे असतो.

नागरिकशास्त्राचेही तसेच. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना धरून ग्रामसभा भरवण्याची प्रथा आहे. वर्गाने त्यांपैकी एका सभेला जावे. किती माणसे आली, स्त्रिया किती बोलल्या, कोणता ठराव झाला, याची नोंद करावी आणि दुसऱ्या दिवशी वर्गातच त्याचे इतिवृत्त लिहावे.

अशा कामाला आपल्याकडे परंपरा आहे. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ स्वतःच्या हाताने लिहून काढत. कागद, शाई आणि मुलांविषयीची ओढ एवढेच त्याचे भांडवल होते. पुढे १९८५ मध्ये लीला पाटील यांनी कोल्हापुरात सृजन-आनंद विद्यालय सुरू करून, साध्या साधनांनी आणि आनंदाने मुले शिकू शकतात, हे दाखवले. प्रत्येक वर्गाचे एक भित्तिपत्रक असावे, दर आठवड्याला मुलांनीच ते लिहावे, वर्गाच्या सूचना व बातम्या त्यावर याव्यात, ही अपेक्षा मोठी नाही.

येथे एका धोक्याची जाणीव ठेवली पाहिजे. ‘तुझ्या वडिलांचा व्यवसाय’, ‘आमचे घराणे’ असे विषय भर वर्गात देणे जातिग्रस्त समाजात निर्दोष नसते. एखाद्या मुलासाठी तो अभिमानाचा विषय असेल, दुसऱ्यासाठी मान खाली घालायला लावणारा. म्हणून काम गटाचे असावे, विषय श्रमाचा असावा, आणि स्वतःविषयी सांगायचे की नाही हे मुलाने ठरवावे.

शिक्षक म्हणतील, वेळ कोठे आहे? त्यांचा हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना शिक्षणेतर कामांस जुंपण्यास मनाई केली आहे. तरीही माहिती भरण्याचे आणि छायाचित्रे पाठवण्याचे काम त्यांची पाठ सोडत नाही. सरकारही कामाच्या स्वरूपापेक्षा कागदाचाच विचार अधिक करते. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने घातली गेली आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. पाने आली आणि गेली, परंतु त्यांवर मुलाने स्वतःचे काय लिहावे, याची चर्चा झालीच नाही. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार सहावी ते आठवीला दिवसाला एक तासापेक्षा अधिक गृहपाठ नसावा. हे धोरण किती शाळांच्या सूचनाफलकावर लागले आहे, ते वाचकांनी आपापल्या गावी पाहावे.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्याचा गाभा असा होता, की सरकारचा महसूल शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात. आज शाळेचे दार सर्वांना उघडे आहे. म्हणूनच आत आल्यावर गुण कशाचे दिले जातात, हे तपासणे अगत्याचे आहे. आपली मागणी साधी असावी. ज्या कामाला गुण आहेत ते काम शाळेच्या वेळेत, शाळेच्या साहित्यातून पूर्ण व्हावे. प्रत्येक सूचना प्रथम फळ्यावर लिहिली जावी, फोनवर नंतर. विकतचे चित्र आणि उतरवलेला मजकूर यांना गुण नसावेत. मुलाच्या स्वतःच्या चार वाक्यांना असावेत, मग ती अडखळती का असेनात. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असावे, असे कायदाच सांगतो. त्या समितीच्या पुढच्या सभेत हा विषय मांडण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. आपल्यापैकी जे सुशिक्षित पालक रात्री जागून मुलांचे प्रकल्प पूर्ण करतात, त्यांनी निदान एवढे ओळखावे, की त्या सुबक वहीने शेजारच्या बाकावरील मुलाचे गुण कमी होतात आणि आपल्या मुलाची वाणीही मुकी होते.