लेक निघाली दक्षिणेला

दर आठवड्याला मी तुम्हाला कुंड्यांविषयी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगते. आज दिवाळीच्या निमित्ताने माझीच एक चूक सांगते.

२०२४ च्या मे महिन्यात पेठेतला जुना वाडा सोडून आम्ही नव्या घरी राहायला आलो. सामान आधी आले, सासूबाई मागून रिक्षाने आल्या. त्यांच्या मांडीवर तुळशीची कुंडी होती. वाड्याच्या चौकातल्या वृंदावनातल्या तुळशीच्याच मंजिरीचे ते रोप!

आमची गॅलरी उत्तरेची. मे-जूनमध्ये तिथे सकाळ-संध्याकाळ छान ऊन येई. तुळस तरारली. पण गणपती झाले, नवरात्र आले आणि रोप उतरू लागले. पाने फिकी पडली, फांद्या लांबट होऊन कठड्याबाहेर वाकल्या. ह्यांनी खत आणले, मी दोन वेळा पाणी घालू लागले. पाने आणखीच गळली. सासूबाई काही बोलत नव्हत्या. पण सकाळी पाणी घालताना त्यांचा हात अडखळे, तो मला दिसे.

कारण साधे होते. २२-२३ सप्टेंबरनंतर सूर्य दक्षिणेकडे उतरतो आणि पुढे मार्चपर्यंत उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. गॅलरी उजेडाची दिसते खरी, पण इथे आपले डोळे फसवतात. भर दुपारच्या उन्हात उजेड सुमारे एक लाख लक्स असतो. खिडकीपासून चार पावले आत तो बहुधा हजाराच्याही खाली येतो. कमी उजेडात झाड अन्न कमी करते, पाणीही कमी पिते. त्याला खत नि दोनदा पाणी देणे म्हणजे आजाऱ्याला पंगतीला बसवणे!

तेव्हा रोप आणण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी आपल्या गॅलरीत ऊन केव्हा येते, केव्हा जाते, हे लिहून ठेवा. डिसेंबरात पुन्हा पाहा. सहा तास ऊन असेल तर तुळस, गुलाब, मोगरा, जास्वंद, मिरची, टोमॅटो खुशाल लावा. तीन-चार तासांवर पुदिना, कोथिंबीर, पालक, अळू भागवून घेतात. नुसत्या उजेडावर मनीप्लँट आणि नेचे राहतात. नागवेलीला तर कडक ऊन सोसतच नाही. म्हणून पानमळ्यात शेवगा-शेवरीची सावली धरतात. मात्र सावलीतले रोप एकदम रणरणत्या उन्हात नेऊ नका, पाने करपतील. आठ-दहा दिवस ऊन थोडे थोडे वाढवा.

दक्षिणेची गॅलरी समोरच्या बिऱ्हाडात होती. पण आपली तुळस दुसऱ्याच्या घरी ठेवायची, हे सासूबाईंना सांगायचे कोणी? दसऱ्यानंतर मीच धीर केला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नाहीतरी आता तिचं लग्नच करायचं आहे. लेक सासरी सुखात असली, की झालं."

त्या वर्षी तुळशीचे लग्न समोरच्या वहिनींच्या गॅलरीत लागले. ऊस आम्ही नेला, चिंचा-आवळे त्यांनी आणले. महिन्याभरात नवी पालवी फुटली.

आता सासूबाई रोज सकाळी तांब्या घेऊन समोर जातात आणि चहा घेऊनच परततात. मे महिन्यात सूर्य उत्तरेला आला, की लेक माहेरपणाला आमच्याकडे येते.