सुई लागल्याने गाठ पसरते का?

शिरूर असो की दौंड, छातीत गाठ हाताला लागली किंवा तोंडातला छाला महिनाभर भरला नाही, की घरात कुणीतरी म्हणतेच, "सुई टोचू देऊ नका, पसरेल." सांगणाऱ्या खालांची किंवा चाचांची नियत साफ असते. पण त्यापायी तीन-चार महिने निघून जातात, आणि तेवढ्या काळात गाठ गप्प बसलेली नसते.

आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी बाहेर अगदी बारीक पिशव्या सोडते. त्यांना एक्सोसोम म्हणतात. केसाच्या जाडीत त्या शेकडो मावतील. 1983 मध्ये मेंढीच्या रक्तपेशींचा अभ्यास करताना कॅनडातल्या रोझ जॉन्स्टन यांना त्या दिसल्या. तेव्हा सर्वांना वाटले, पेशी आपला कचरा बाहेर टाकते आहे. पुढे कळले की या पिशव्यांत प्रथिने असतात, जनुकांचे संदेश असतात, आणि दुसरी पेशी त्या उघडून त्याप्रमाणे वागू लागते. निरोगी शरीरात हे चांगलेच काम आहे. कॅन्सरची पेशी मात्र हीच टपालसेवा आपल्या कामाला लावते.

आपल्या भागात ऊस लावण्याआधी रान नांगरतात, सरी पाडतात, मगच बेणे लावतात. गाठही काहीसे तसेच करते. तिच्या पिशव्या रक्तातून आधी फुफ्फुसात किंवा यकृतात पोहोचतात, तिथल्या पेशींना फितवतात, जागा तयार करतात. पेशी मागून येतात. कॅन्सर बियाण्यासारखा असतो, त्याला जमीन मानवावी लागते, असे इंग्लंडचे डॉक्टर स्टीफन पॅजेट 1889 मध्येच म्हणाले होते. ही जमीन कशी तयार होते, याचा एक धागा 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटाला सापडला. पिशवीच्या पृष्ठभागावरची काही प्रथिने पत्त्यासारखी असतात: एका प्रकारची पिशवी फुफ्फुसाकडे जाते, दुसरी यकृताकडे. उंदरांमध्ये फुफ्फुसाच्या पत्त्याच्या पिशव्या आधी सोडल्या, तर एरवी हाडांत जाणाऱ्या कॅन्सरपेशीही फुफ्फुसात जाऊन वाढल्या.

म्हणजे पसरण्याची तयारी गाठ स्वतःच करत असते. त्यासाठी तिला डॉक्टरांच्या सुईची गरज नाही. सुईच्या वाटेवर पेशी सांडणे अगदी क्वचित घडते. काही अवयवांच्या बाबतीत डॉक्टर त्यासाठी वेगळी काळजी घेतात. पण तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही, कोणत्या जातीचा आहे आणि कोणते औषध लागू पडेल, हे ठरत नाही. शिवाय तपासलेल्या कितीतरी गाठी साध्या निघतात. घाबरून घरी बसलेल्या बाईला ते कळतच नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये टाटा मेमोरियलच्या 100 रुपयांच्या गोळीची बातमी मोबाईलवर फिरली, ती आठवत असेल. तिचा संबंध याच्याशी जवळचा आहे. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये डॉ. इंद्रनील मित्रा यांचा गट असे मांडतो की मरणाऱ्या कॅन्सरपेशींतून सुटलेले गुणसूत्रांचे कण निरोगी पेशींत शिरून त्यांना बिघडवतात. तांबे आणि रेझवेराट्रॉल यांची गोळी ते कण नष्ट करील, अशी त्यांना आशा आहे. कल्पना मोलाची आहे. पण त्या वेळी हाताशी होते ते उंदरांवरचे प्रयोग आणि थोड्या रुग्णांवरचे छोटे अभ्यास. बातमीच्या भरवशावर केमो सोडायची, हे मला मान्य नाही.

दुआ करा, झमझम प्या, दम करून घ्या, पण इलाज करून घेण्याची शिकवणही प्रेषितांनीच (स.) दिली आहे. त्यात विरोध कुठे आहे?

मिश्री लावणाऱ्या आयाबहिणींनी आणि तंबाखू, गुटखा खाणाऱ्या पुरुषांनी आरशात तोंड उघडून पाहावे: पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे. छातीतली गाठ, पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव, हेही लपवू नका. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसे आधीच विचारा, सोबत नणंद किंवा मुलगी न्या. सुरुवात गावच्या सरकारी दवाखान्यापासून करा. पुढे पाठवले तर दौंडहून रेल्वेने, शिरूरहून एसटीने पुण्याचे ससून एका दिवसात होते. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन, केमो आणि शेक बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो, आधी तिथेच विचारा.