कर्ज नाही? मग पतही नाही!

बाबांनी आयुष्यात कुणाकडून एक पैसा उसना घेतला नाही, आणि त्याचा आम्हाला केवढा अभिमान! अमेरिकेत आल्यावर दुसऱ्याच महिन्यात गाडी घ्यायला गेलो, तर नेमकं हेच आडवं आलं. कर्ज नाही म्हणजे क्रेडिट हिस्टरी नाही. निदान सहा महिने जुनं खातं असल्याशिवाय फायको स्कोअर तयारच होत नाही म्हणे. डीलर गोड हसून म्हणाला, "नो प्रॉब्लेम!" बोलला फक्त महिन्याच्या हप्त्याबद्दल. १७ टक्के व्याज मी घरी येऊन कागदावर वाचलं. बँकेच्या दरावर डीलर स्वतःचं कमिशन चढवू शकतो, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

माझं स्पष्ट मत आहे, नव्याने आलेल्याने डीलरकडे कर्ज मागूच नये. आधी डिपॉझिट ठेवून सिक्युअर्ड कार्ड घ्यावं, त्यावर दूध-भाजी आणावी आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरावं. (स्कोअरचा ३५ टक्के भाग वेळेवर पैसे भरण्याचाच असतो.) तोवर ऑफिसातल्या कुणाच्या तरी गाडीतून जावं, लाज कसली? मग क्रेडिट युनियनकडून कर्ज मंजूर करून घ्यावं आणि मगच शोरूमची पायरी चढावी.

असो. बाबा परवा फोनवर विचारत होते, "गाडी रोखीनेच घेतलीस ना रे?" म्हटलं, बाबा, आवाज तुटतोय, नंतर करतो.