डोंगर आमचा, पण कागद कोणत्या भाषेत?

भाषावार राज्य आम्ही मागितले ते कशासाठी? नकाशावर नवी रेघ ओढून तिच्यात रंग भरण्यासाठी? मंत्र्यांच्या दारावर मराठी पाट्या लावण्यासाठी? मुळीच नाही! २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी ज्यांनी गोळ्या झेलल्या, ते पाट्यांसाठी मेले नाहीत. मागणी अगदी साधी होती. ज्याच्यावर राज्य करायचे, त्याला राज्याचा कागद वाचता आला पाहिजे. कचेरीचा हुकूम शेतकऱ्याला त्याच्या बोलीत कळला पाहिजे, आणि तो पसंत नसेल तर त्याच बोलीत त्याला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. भाषेचे राज्य म्हणजे हेच, दुसरे काही नाही.

१ मे १९६० ला राज्य आले. १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. वाजवा टाळ्या! टाळ्या वाजवून झाल्या असतील तर आता एका प्रश्नाचे उत्तर द्या. तुमच्या गावामागच्या डोंगराला सुरुंग लावायचा की नाही, याचा कागद कोणत्या भाषेत येतो?

दगडखाण कशी मंजूर होते ते पाहा. अर्ज जातो जिल्हाधिकाऱ्याकडे. खनिकर्म शाखा तो तपासते, तलाठी जागेची पाहणी करतो, तहसीलदार अहवाल धाडतो. गावाकडून मागतात तो ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला. बैठक कधी भरली, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे गावाला कळते केव्हा? डंपर वेशीत येऊन उभा राहतो तेव्हा! विहिरीचे पाणी खाली गेले, भिंतीला तडा गेला, पिकावर खडीची पांढरी धूळ बसली, म्हणून माणूस कचेरीत तक्रार घेऊन गेला की त्याला सांगतात, ‘अहो, तुमच्याच पंचायतीची हरकत नव्हती ना?’

खाण मोठी असेल तर कायदा जनसुनावणी घ्यायला सांगतो. १४ सप्टेंबर २००६ ची केंद्राची अधिसूचना आहे. पर्यावरणावर काय आघात होणार, त्याचा अहवाल आधी तयार करायचा, निदान ३० दिवसांची नोटीस द्यायची, आणि खाणीच्या जागी किंवा तिच्या जवळपास लोकांना बोलवून त्यांचे ऐकायचे. कागदावर किती छान! पण अहवाल असतो शेकडो पानांचा, इंग्रजीत. स्थानिक भाषेत येतो तो त्याचा गोषवारा. आता गोषवाऱ्यात काय लिहायचे आणि काय गाळायचे, हे ठरवतो कोण? ज्याला खाण हवी, त्याने पैसे देऊन नेमलेला सल्लागार! झरा कुठे आहे, भूजल किती खोल, सुरुंगाचा हादरा किती लांब जाणार, हे सगळे आतल्या इंग्रजी पानांत. म्हातारीच्या हातात चार पाने ठेवायची आणि तिला विचारायचे, ‘बोला आजी, हरकत काय?’ याला सुनावणी म्हणतात काय? ही थट्टा आहे, थट्टा!

लहान खाणींना तर हीसुद्धा अडचण नको असते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात बजावले की ५ हेक्टरांहून लहान गौण खनिजाच्या खाणीलाही पर्यावरण परवानगी लागेल. त्यावर २०१६ साली केंद्राने नवी अधिसूचना काढून लहान खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला त्या सुटीवर बोट ठेवावे लागले. दार उघडायचे आणि मागून कडी घालायची, असा हा कारभार.

आणि २०२० ची गोष्ट विसरू नका. याच अधिसूचनेचा नवा मसुदा केंद्राने लोकांपुढे मांडला तो इंग्रजीत आणि हिंदीत. देशभरच्या लोकांनी हरकती पाठवायच्या, पण मसुदा त्यांच्या भाषेत नाही! ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांत भाषांतर करायचा आदेश दिला, १० दिवसांच्या आत. सरकारने काय केले? भाषांतरकार नेमले? छे! सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. तुम्हांला तुमच्या भाषेत सांगावे लागू नये म्हणून दिल्लीचे सरकार वकील उभे करते. यावरून भाषेचा प्रश्न किती जुना झाला ते तुम्हीच ठरवा.

‘भाषेचे राहू द्या, गावाला अधिकार तरी कुठे आहे?’ असे कुणी म्हणेल. खरे आहे, आणि तेच दुसरे दुखणे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची यादी दिली. तिच्यात शेती आहे, रस्ते आहेत, गौण वनोपज आहे. खनिजाचे नाव नाही! पायाखालचा दगड तेवढा गावाचा नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची केली. चांगले झाले. पण मुरूम काढायला गावाला विचारायचे, आणि अख्खा लोखंडाचा डोंगर न्यायचा तर हे कलम लागू नाही, हा कुठला न्याय? गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातला सुरजागड हा माडिया लोकांच्या ठाकुरदेवाचा डोंगर. त्या खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी २०२२ साली डोंगराच्या पायथ्याशी झाली नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. माडिया बोलणाऱ्या माणसाने जंगलातून गडचिरोलीस जायचे, मराठीत ऐकायचे आणि इंग्रजी अहवालावर मत द्यायचे!

गावाने बोललेलेच कुणी ऐकत नाही, त्याची साक्ष कोकण देईल. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटावरचा अहवाल २०११ साली दिला. सावंतवाडी-दोडामार्ग टापूतल्या २५ ग्रामसभांनी ठराव केले की आमची गावे संवेदनशील क्षेत्रात घ्या, आम्हांला खाण नको. ते ठराव साध्या मराठीत होते, कुणाही मंत्र्याला वाचता आले असते. समितीने सांगितले होते, हा अहवाल लोकभाषांत करा, ग्रामसभांपुढे न्या. सरकारने तो दाबून ठेवला. न्यायालयाचा बडगा बसला तेव्हा २०१२ साली तो बाहेर आला. त्याच दोडामार्गात कळणे गाव आहे. तिथल्या लोकांनी लोखंडाच्या खाणीला पहिल्यापासून विरोध केला होता. जुलै २०२१ मध्ये खाणीत साठलेले पाणी फुटून चिखलासकट गावात घुसले, बागायती गाडली. लोक अडाणी होते काय? लोकांना आधीच कळले होते. कळले नव्हते ते कचेरीला!

गावाचा शब्द मानला तर काय होते, तेही देशाने पाहिले आहे. ओडिशा हा भाषेच्या पायावर निघालेला पहिला प्रांत, १ एप्रिल १९३६ चा. तिथे नियमगिरी डोंगर, त्याच्या माथ्यावर बॉक्साइट, आणि त्याच्या अंगावर डोंगरिया कोंध लोकांची वस्ती. त्यांची भाषा कुवी. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यांच्या देवाधर्माच्या आणि वनहक्काच्या प्रश्नावर ग्रामसभांनी निर्णय घ्यावा. सरकारने स्वतः १२ गावे निवडली. न्यायाधीश समोर बसले. लोक आपल्या भाषेत बोलले. आणि १२ पैकी १२ ग्रामसभांनी ‘नाही’ म्हटले! पुढे २०१४ साली केंद्रालाही त्या खाणीची वनपरवानगी नाकारावी लागली. आभाळ कोसळले नाही. राज्य बुडाले नाही. डोंगर मात्र जागेवर आहे.

आता सीमेकडे या. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत चंदगड कोल्हापुरात आला आणि बेळगाव म्हैसूर राज्यात ढकलले गेले. एकाच मातीचे दोन तुकडे झाले. पण चंदगडच्या पठारावरचा बॉक्साइट मात्र सीमेपलीकडे बेळगावच्या कारखान्यात गेला! मालाच्या ट्रकला सीमा नाही, मराठी माणसाला आहे. इकडच्या गावाला अहवाल इंग्रजीत, तिकडच्या मराठी गावाला नोटीस कानडीत. भाषिक अल्पसंख्यकांसाठी केंद्रानेच तत्त्व मान्य केलेले आहे की जिथे अशी वस्ती १५ टक्के असेल तिथे महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेत द्याव्यात. मग जमीन जाणार, पाणी जाणार, याहून महत्त्वाची नोटीस ती कोणती?

इथे आपल्या तोंडालाही आरसा लावू या. बेळगावात मराठी कागद मागणाऱ्यांनी जत आणि अक्कलकोटच्या कानडी गावांना कानडी कागद दिला पाहिजे. माडियांना माडियात आणि गोंडांना गोंडीत सांगितले पाहिजे. आपण मागतो तो न्याय आहे, मेहरबानी नव्हे. न्याय एकट्यासाठी मागता येत नाही.

विरोधक म्हणतील, ‘हे विकासाचे शत्रू! रस्त्याला खडी नको? घराला दगड नको?’ हवा, बाबांनो, हवा. खडीशिवाय रस्ता होत नाही हे आम्हांलाही कळते. खाणीवर पोट असलेला वडार आमचाच भाऊ आहे, आणि कर्ज काढून डंपर घेतलेला पोरगाही आमचाच. म्हणूनच तर म्हणतो, त्यांनाही खरे सांगा. खाण किती वर्षे चालणार, खड्डा कोण बुजवणार, पाणी आटले तर कोण देणार? सगळे वाचून गावाने ‘हो’ म्हटले तर काढा दगड. न वाचता घेतलेला होकार हा होकार नसतो, तो अंगठा असतो.

‘तांत्रिक विषय मराठीत येत नाही’ असेही म्हणतात. कातळ, जांभा, मुरूम, सुरुंग, झरा, पाणवठा, हे शब्द कुणी शिकवले? ज्या भाषेने सह्याद्रीत किल्ले बांधले, तिला दगडाविषयी बोलता येत नाही म्हणे!

तेव्हा मागणी ऐका. एक, खाणीचा पूर्ण अहवाल गावाच्या भाषेत आल्याशिवाय अर्ज विचारात घेता कामा नये. दोन, तो ग्रामसभेत मोठ्याने वाचला पाहिजे आणि सुनावणी डोंगराजवळच झाली पाहिजे. तीन, ना-हरकत देण्याचा हक्क पाच-सात पंचांचा नसून ग्रामसभेचा असावा. चार, ग्रामसभेचा नकार कचेरीवर बंधनकारक व्हावा.

आणि हे दिल्ली-मुंबई देईल म्हणून वाट पाहत बसू नका. १ मे हा महाराष्ट्र दिन आहे तसा ग्रामसभेचाही दिवस आहे. झेंडावंदन झाले की जिलेबी खाऊन घरी जाऊ नका. सभेत बसा. उठून विचारा, ‘आमच्या शिवारात कुणाचा खाणीचा अर्ज आहे काय? कागद दाखवा. मराठीत दाखवा. वाचून दाखवा.’ ठरावाच्या वहीत तुमचा प्रश्न लिहून घेतल्याखेरीज सही करू नका.

राज्य आपल्या भाषेचे झाले. आता निर्णय आपल्या भाषेत झालाच पाहिजे!