सूर तोच, आवाज कमी

इलेक्ट्रिक गिटारचा जाड, किंचित फाटलेला, लांबत जाणारा सूर आता सर्वांच्या ओळखीचा आहे. तो जन्मला यंत्राच्या मर्यादेतून. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे त्याच्या कुवतीबाहेरचा सिग्नल गेला, की तो लहरींचे शेंडे कापतो आणि सूर फाटतो. हे फाटणे कानाला गोड लागते. अडचण एवढीच, की जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते मिळवण्यासाठी आवाजाचे बटण जवळपास शेवटपर्यंत फिरवावे लागते.

१९६५च्या सुमारास लंडनच्या ‘द हू’ या बँडमधील पीट टाउनशेंड आणि जॉन एन्टविसल यांना आणखी मोठा आवाज हवा होता. जिम मार्शल यांनी त्यांना १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर बनवून दिला. पुढे टाउनशेंड यांनी आपल्याला ऐकू कमी येते, कानात सतत आवाज येतो, हे जाहीरपणे सांगितले. दोष त्यांनी मुख्यतः स्टुडिओतील हेडफोनला दिला. पण आवाज कुठून आला, याच्याशी कानाला कर्तव्य नसते. तो किती मोठा आणि किती वेळ, एवढाच हिशेब होतो.

अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास चालतो. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटे. १०९ला दोन मिनिटेही नाहीत. बंद खोलीत पूर्ण सोडलेला मोठा अ‍ॅम्प्लिफायर ही पातळी सहज ओलांडतो. आतल्या कानातील केशपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. श्रवणयंत्राने मदत होते, गेलेले कान परत येत नाहीत.

कारखान्यांच्या आरोग्यशास्त्रात एक साधा नियम आहे: गोंगाट आधी उगमापाशी कमी करा, कानातले बोळे शेवटी. संगीतात मात्र सगळा भर बोळ्यांवरच दिला जातो. म्हणूनच ‘मास्टर व्हॉल्यूम’ या छोट्या बटणाकडे आरोग्याचे साधन म्हणून पाहायला हवे.

त्याची युक्ती सोपी आहे. सुरुवातीचे छोटे व्हॉल्व्ह सिग्नल वाढवतात, शेवटचे मोठे व्हॉल्व्ह स्पीकरला ताकद पुरवतात. या दोन टप्प्यांच्या मध्ये आणखी एक नियंत्रण बसवले, की छोटे व्हॉल्व्ह हवे तेवढे फाडून घेता येतात आणि पुढे मात्र थोडाच सिग्नल सोडता येतो. मार्शल कंपनीने १९७५ मध्ये अशी मॉडेल्स आणली. जुन्या यंत्रातही हे नियंत्रण बसवता येते. त्याऐवजी १०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर विकून ५० वॅटचा घेतला, तर फरक पडतो जेमतेम तीन डेसिबलचा.

जाणकारांचा आक्षेप असतो, की मोठ्या व्हॉल्व्हच्या आणि स्पीकरच्या फाटण्याची मजा यात येत नाही. ते खरेच आहे. पण ‘सूर मेला’ असे वाटण्यामागे कानाचाही वाटा असतो. हळू आवाजात खर्ज आणि अगदी तार स्वर आपल्याला कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते. टोनची बटणे थोडी फिरवून ही उणीव बरीच भरून काढता येते. जे थोडे उरते, त्यासाठी कान गमावणे हा तोट्याचा सौदा आहे.

एक इशारा मात्र हवाच. अशा यंत्रात ४०० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतो. एवढा झटका हृदय थांबवू शकतो. व्हिडिओ पाहून घरी पेटी उघडू नये. व्हॉल्व्हचे काम जाणणाऱ्या तंत्रज्ञाकडेच द्यावी.

बटण बसवले तरी ते फिरवण्याची शिस्त पाळावीच लागते. सरावानंतर कानात दडे बसले किंवा शिटी वाजत राहिली, तर आवाज जास्त झाला असे समजावे आणि पुढच्या वेळी बटण खाली आणावे. त्रास दुसऱ्या दिवशीही राहिला, तर कानाची तपासणी करून घ्यावी. वाजवणाऱ्याचे पहिले वाद्य त्याचे कान असतात आणि त्यांचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत.