एका सामन्याचा हंगाम

माझ्या कपाटात, जुन्या पासबुकांच्या शेजारी, एक आडवी वही आहे. आत प्रत्येक पानावर चौकोनच चौकोन आणि प्रत्येक चौकोनात शंकरपाळीच्या आकाराची एक तिरपी चौकट. वहीत पन्नास सामन्यांची नोंद मावेल एवढी जागा आहे. भरलेली जागा मात्र एकाच सामन्याची. बाकीची पाने कोरी आहेत.

ही वही बेसबॉलची आहे असे सांगितले, की घरी आलेला पाहुणा आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहतो आणि मग हसतो. पन्हाळ्यावर राहणारा, उभा जन्म पतसंस्थेच्या खातेवह्यांत घालवलेला माणूस, आणि बेसबॉल! पाहुण्याचे काही चुकत नाही. मलाही कोणी दहा वर्षांपूर्वी असे सांगितले असते तर मीही हसलो असतो.

गोष्ट २०२२ सालच्या श्रावणातली. त्या दिवसांत पन्हाळ्यावर धुके असे काही उतरते, की समोरचा माणूस आधी खोकला म्हणून ऐकू येतो आणि मग दिसतो. अशाच एका सकाळी फिरायला निघालो असता धुक्यातून ‘टप्प, टप्प’ असा आवाज आला. जवळ जाऊन पाहतो तो दहा-बारा मुली एका हातात कातडी पंजा घालून चेंडू झेलताहेत. गडाखालच्या एका महाविद्यालयाचा तो मुलींचा बेसबॉल संघ. खालच्या मैदानात चिखल झाला की त्यांचे क्रीडाशिक्षक त्यांना गडावर आणीत. वर जांभा दगड, पाणी लवकर निचरते.

दोन-चार दिवस मी नुसता उभा राहून पाहिले. पाचव्या दिवशी ते शिक्षक म्हणाले, “साहेब, तुम्ही पतसंस्थेत होता ना? मग आमचा हिशेब लिहाल का? आमच्यात खेळणाऱ्या आहेत, लिहिणारं कोणी नाही.” हिशेब म्हटल्यावर मी नाही म्हणू शकलो नाही. अशा रीतीने निवृत्तीनंतर मी बेसबॉलचा गुणलेखक झालो आणि त्या मुलींचा ‘आबा’.

क्रिकेट जाणणाऱ्या वाचकाला हा खेळ समजायला वेळ लागत नाही. नऊ-नऊ जणींचे दोन संघ. चार बेस, लागोपाठच्या दोन बेसमध्ये ९० फूट अंतर. साठ फूट सहा इंचांवरून पिचर चेंडू फेकते. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, तिघी बाद झाल्या की डाव पालटला. बॅटही गोल आणि चेंडूही गोल, त्यामुळे टोला नीट बसणे महाकठीण. इतके कठीण, की अमेरिकेतल्या व्यावसायिक सामन्यांतही दहा वेळांपैकी तीन वेळा जो हिट मिळवतो तो नामवंत फलंदाज गणला जातो. उरलेल्या सात वेळा तो मान खाली घालून परत येतो! आपल्याकडे पस्तीस टक्क्यांच्या खाली मुलगा नापास होतो. त्या खेळात तीस टक्क्यांना मानाचे पान मिळते.

हिशेबनीस म्हणून मला या खेळाची आणखी एक गोष्ट भावली. एकोणिसाव्या शतकात हेन्री चॅडविक नावाच्या वार्ताहराने त्याची नोंदपद्धत रुजवली. गृहस्थ जन्माने इंग्रज. या पद्धतीत धावा आणि हिट यांच्या जोडीला चुकांचाही रकाना असतो. सोपा चेंडू सुटला तर तो कोणाच्या हातून सुटला, हे तिथे लिहून ठेवावे लागते. आपण आयुष्यात चुका झाकतो; बेसबॉल त्या मोजतो. पण का मोजतो? उद्या पुन्हा खेळायचे असते म्हणून. तिथल्या व्यावसायिक संघांचा हंगाम १६२ सामन्यांचा. महाविद्यालयांच्या सर्वोच्च गटातला संघही एका हंगामात ५६ सामन्यांपर्यंत खेळतो. एवढ्या सामन्यांत आजची चूक उद्या भरून निघते आणि परवा विसरलीही जाते.

आता आमच्या मुलींचा हंगाम ऐका.

ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत त्यांचा सराव चालला. संघात चौदा मुली आणि पंजे नऊ. डावखुऱ्या मुलीला उजव्या हातात घालायचा पंजा लागतो, तो नव्हताच. आमची डावखुरी पोर उलट्या हाताने फेकायला शिकली. दोघी जणी गोठ्यातले दूध काढून, डेअरीत घालून पहिल्या एसटीने यायच्या. पिचर होती तिचा नेम मी कधी विसरणार नाही. “कुठं शिकलीस ग?” म्हणून विचारले तर म्हणाली, “भुईमुगात वानरं येत्यात आबा. दगूड मारून मारून हात बसला.” अमेरिकेतल्या पिचरांना असला प्रशिक्षक मिळत नसावा!

डिसेंबरात स्पर्धा आली. पहाटे वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून आम्ही निघालो. स्पर्धा बाद पद्धतीची. हरला तो संघ घरी. आमच्या मुली सुंदर खेळल्या. शेवटच्या डावात त्या सहा-पाच अशा पुढे होत्या. समोरच्या संघाच्या दोघी बाद झालेल्या आणि दोघी धावपटू दुसऱ्या व तिसऱ्या बेसवर. एक बाद झाली की सामना आमचा. चेंडू जमिनीवरून सरळ आमच्या शॉर्टस्टॉपकडे आला. सरावात असे शेकडो चेंडू तिने डोळे मिटून उचलले असतील. हा तिच्या दोन पायांमधून गेला. दोन्ही धावपटू घरी पोहोचल्या. सहा-सात.

माझ्या हातात पेन्सिल होती. नियमाप्रमाणे मी ‘ई-६’ लिहिले. ई म्हणजे चूक आणि सहा हा शॉर्टस्टॉपचा आकडा. पतसंस्थेत थकलेल्या कर्जांच्या किती नोटिसा लिहिल्या, पण हात असा जड कधी झाला नव्हता.

परतीच्या जीपमध्ये ती पोर माझ्या शेजारी बसली होती. बराच वेळ गप्प होती. कोल्हापूर मागे पडल्यावर हळूच म्हणाली, “आबा, त्ये खोडता येत न्हाई व्हय?”

मी म्हणालो, “खोडता येत नाही बाळ. पण पुढच्या सामन्यात...”

आणि तिथेच माझी जीभ अडखळली. पुढचा सामना नव्हता. ती तिसऱ्या वर्षाला होती. दुसऱ्या दिवशी पंजे आणि बॅटी कपाटात गेल्या, गणवेश धुऊन जमा झाले. चार-साडेचार महिन्यांची मेहनत, आणि हंगाम दोन-सव्वादोन तासांचा! मे महिन्यात तिचे लग्न झाले. खेळाडू म्हणून तिच्या नावावर जी शेवटची नोंद राहिली, ती माझ्या हातची ‘ई-६’.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. आपण मुलांना खेळ शिकवतो की परीक्षा घेतो? वर्षभर अभ्यास, एक पेपर, आणि निकाल. महाविद्यालयीन खेळांचेही आपण बहुतेक ठिकाणी तेच करून ठेवले आहे. कमी पोहोचलेल्या खेळांत तर दोन-तीन दिवसांत स्पर्धा उरकते आणि निम्मे संघ पहिल्याच सामन्यानंतर बिछाने गुंडाळतात. खेळात हरणे शिकायचे असते असे आपण बक्षीस समारंभात भाषणात सांगतो. पण हरल्यानंतर पुन्हा मैदानात उतरायची संधी दिली, तरच हरणे शिकता येते. नाहीतर ते नुसते हरणे.

आयोजकांची बाजू मला समजत नाही असे नाही. मैदाने थोडी, जाणकार पंच त्याहून थोडे, सत्र परीक्षांच्या तारखा डोक्यावर, प्रवासभत्ता तुटपुंजा. सगळ्यांना सगळ्यांशी खेळवायचे तर खर्च किती? हे सारे खरे आहे. पण खरी अडचण पैशाची नाही, कागदाची आहे असे मला वाटते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. व्यवस्था चांगलीच आहे. गरीब घरातली कितीतरी मुले तिच्यामुळे उभी राहिली. पण तिची दुसरी बाजू अशी, की ज्या सामन्याला प्रमाणपत्र नाही तो सामना कोणाला नकोसा झाला. शेजारच्या महाविद्यालयाशी शनिवारी दुपारी खेळलेल्या मैत्रीपूर्ण सामन्याचा कागद मिळत नाही. म्हणून तो सामनाच होत नाही.

गंमत अशी, की हंगाम म्हणजे काय हे कोल्हापूरकरांना बाहेरच्या कोणी शिकवायला नको. आमच्या पेठांचा फुटबॉल पाहा. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी स्पर्धा होते, मग एकामागून एक चषक येतात आणि थंडीत सुरू झालेला हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. आज शाहू स्टेडियमवर एक हरतो, चौकात रात्रभर काथ्याकूट होतो आणि थोड्याच दिवसांत तोच संघ पुन्हा मैदानात असतो. गोलरक्षकाने आज चेंडू सोडला तर पेठ त्याला शिव्या घालते, पण पुढच्या सामन्यात तोच उभा राहतो. या मातीतून अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, त्यामागे हा असा रोजचा फुटबॉल आहे. कुस्तीचेही तेच. गावोगावच्या जत्रांतून पैलवान फिरतो, इथे पाठीला माती लागते, तिथे तो दुसऱ्याची लावतो. आधी जत्रेची मैदाने, मग खासबाग.

आणि खाशाबा जाधवांना कसे विसरावे? राजाराम महाविद्यालयाचा हा विद्यार्थी १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला आणि सहावा आला. सहाव्याला पदक नसते. तो हिशेब तिथेच मिटवला असता तर? चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो. मला ती दुसऱ्या संधीची गोष्ट वाटते. खर्डेकरांनी घर गहाण ठेवले ते एका विद्यार्थ्याला पुढचा सामना मिळावा म्हणून.

आज कोणी घर गहाण ठेवावे असे माझे म्हणणे नाही. माझे मागणे फार छोटे आहे. एसटीच्या तास-दीड तासाच्या अंतरात असलेली चार महाविद्यालये एकत्र येऊ द्या. दिवाळीनंतर दर शनिवारी दुपारी एक सामना. आज आमच्या मैदानात, पुढच्या शनिवारी तुमच्या. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे म्हटले तरी प्रत्येक संघाला सहा सामने मिळतात. मंडप नको, प्रमुख पाहुणे नकोत, शाल-श्रीफळ नको. दोन चेंडू, एक पंच, पाण्याचे पिंप आणि जमल्यास वडापाव. हा हिशेब मी करून पाहिला आहे. एका उद्घाटन समारंभाच्या खर्चात अख्खा हंगाम निघेल. मोठ्या स्पर्धा बाद पद्धतीने खुशाल होऊ द्यात. पण तिथे उतरण्याआधी आमच्या पोरींच्या पायांमधून चार वेळा चेंडू जाऊन गेलेला असेल, आणि पाचवा त्या अडवतील.

वाचकांपैकी जे आईबाप आहेत त्यांनाही एक विनंती. त्या दिवशी आमच्या चौदा मुलींपैकी एकीच्याही घरचे कोणी सामन्याला आले नव्हते. दोष देत नाही. भातमळण्या होत्या, ऊसतोड होती, आणि इतक्या दूर दोन तासांच्या खेळासाठी कोण येणार? पण शनिवारी दुपारी गावाजवळच सामना असेल तर जा. बॉलला स्ट्राइक म्हणालात तरी चालेल. आपली पोर धुळीने माखून, ओरडत, धावत बेस गाठताना एकदा पाहा. घरात पाणी भरताना दिसते ती मुलगी ही नव्हे!

गेल्या दिवाळीत ती शॉर्टस्टॉप माहेरी आली होती. कडेवर मूल घेऊन गडावर घरी आली. चहा झाल्यावर म्हणाली, “आबा, वही हाय काय अजून?” मी काढून दिली. तिने ते पान उघडले, आपल्या नावापुढे बोट फिरवत नेले, आणि हसून म्हणाली, “ह्ये बघितलंच न्हवतं मी. दोन हिट हायत की माझ्या नावावर!”

होत्या खऱ्या. त्या दिवशी चार वेळांपैकी दोन वेळा तिने टोला मारला होता. तीन वर्षे तिला आठवत राहिली होती ती फक्त चूक.

मग तिने कोरी पाने चाळली, वही मिटली आणि माझ्या हातात दिली. ती वही अजून कपाटात आहे. शेजारी पेन्सिल आहे, टोक करून ठेवलेली.